सुगंधा नेमकी कोण? रविवर्म्याची नायिका, देसाईंची कादंबरी आणि गोव्याच्या कलावंतिणी

राजा रविवर्म्याच्या चित्रांचा विषय निघाला की सुगंधाचं नाव हटकून येतं. लक्ष्मीचा चेहरा तिचाच, उर्वशीही तीच, असं लोक ठामपणे सांगतात. पण ती कुठली, कधीची, एवढं विचारलं की गाडी अडते. कारण बहुतेकांना सुगंधा भेटली ती कागदपत्रांत नव्हे, रणजित देसाईंच्या 'राजा रविवर्मा' या कादंबरीत. ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांना ती भेटली 'रंगरसिया' चित्रपटात. केतन मेहतांचा हा चित्रपट त्याच कादंबरीवर बेतलेला. तो 2008 मध्ये तयार झाला आणि आपल्याकडे 2014 मध्ये लागला.

रणजित देसाई म्हणजे बेळगावला जवळच्या कोवाडचे. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' यांमुळे सीमाभागातच काय, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मराठी घरांतही त्यांचं नाव पोचलं. पेशवाई शाळेच्या पुस्तकापेक्षा 'स्वामी'तूनच कळलेली माणसं आजही सापडतात. तिथे एक गोष्ट मात्र भक्कम होती. माधवराव होते, रमाबाई होत्या, त्यांच्या तारखा आहेत. दोघांमधलं बोलणं तेवढं लेखकाचं. 'राजा रविवर्मा'त तसं नाही. इथे चित्रकार इतिहासातला आहे, पण त्याची नायिका हे कादंबरीतलं पात्र आहे. वाचक हा फरक करत नाहीत, आणि देसाईंच्या लेखणीपुढे तो करणं अवघडही आहे.

म्हणजे रविवर्म्यासमोर कुणी बाई बसलीच नाही, असं मुळीच नाही. तैलरंगात हुबेहूब माणूस उभा करायचा तर समोर माणूस लागतो. किळिमानूरच्या या चित्रकाराने (जन्म 1848, मृत्यू 1906) घरच्या माणसांनाही बसवलं. 1893 च्या 'बाबा आले' या अर्थाच्या प्रसिद्ध चित्रातली बाई त्याची मुलगी आणि कडेवरचं मूल त्याचा नातू. तेव्हा त्याच्या चित्रातली प्रत्येक सुंदर स्त्री गणिकाच, हा समज पहिल्या धक्क्यातच निकालात निघतो.

पण पुराणातल्या नायिका रंगवायच्या, तेही मुंबईत राहून, तेव्हा घरंदाज बाई परक्या पुरुषापुढे तासन्‌तास बसणार नाही, हे उघड होतं. पुढे 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाला ते काम करावं लागलं. त्याच्याही आधीचा हा काळ. मग उरल्या कलेवर जगणाऱ्या स्त्रिया. गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या अनेक गायिका मुंबईत येऊन राहिल्या होत्या. सुगंधाच्या मागची खरी बाई कोण, याची जी नावं घेतात ती इथलीच. एक राजीबाई मूळगावकर आणि दुसऱ्या अंजनीबाई मालपेकर.

अंजनीबाईंबद्दल बरंच ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या बाबतीत निदान हिशेब तरी करता येतो. पेडण्याच्या मालपे गावच्या या गायिकेचा जन्म 1883 चा. 'चांदण्यातली स्त्री' आणि 'स्वरबत वाजवणारी स्त्री' ही चित्रं त्यांच्यावरून काढली, असं सर्रास लिहिलं जातं. आता पहिलं चित्र 1889 चं सांगतात आणि दुसरं 1874 चं. म्हणजे एका वेळी अंजनीबाई सहा वर्षांच्या होत्या आणि दुसऱ्या वेळी जन्मालाच यायच्या होत्या! बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी केलेली चौदा पौराणिक चित्रं 1890 च्या सुमाराला पूर्ण झाली, तीही या हिशेबात बसत नाहीत. त्या रविवर्म्यासमोर बसल्या असतील तर 1890 च्या दशकाच्या शेवटी किंवा त्यानंतर. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, बेरीज-वजाबाकी कुणी केली नाही.

आणि खरं तर त्यांना या ओळखीची गरजही नव्हती. भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँसाहेबांकडे त्या शिकल्या. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले आणि पुढे देवासचे झालेले कुमार गंधर्व, तसंच किशोरी आमोणकर, हे त्यांच्याकडे शिकले. एवढं असूनही आज त्यांचं नाव शोधलं की आधी पुढे येतं ते 'रविवर्म्याची प्रेरणा' हेच बिरुद.

इथेच शब्दांचाही प्रश्न आहे. सुगंधाविषयी लिहिताना कुणी गणिका म्हणतं, कुणी देवदासी, कुणी सरळ वेश्या. गोव्यातल्या वाचकाला हे शब्द एक वाटत नाहीत. कलावंतीण म्हणजे पिढीजात गाण्या-नाचण्याची तालीम घेतलेली आणि देवळाच्या सेवेशी जोडलेली बाई. लग्नाचा हक्क तिला नव्हता, यजमानावर ती अवलंबून होती, शोषण होतंच. त्यातून बाहेर पडण्यासाठी याच लोकांनी गोमंतक मराठा समाज म्हणून नवी ओळख घडवली आणि मुली शिकवल्या. त्यांच्या आज्या-पणज्यांना पडद्यावर फक्त एका चित्रकाराची प्रेमिका म्हणून पाहणं त्यांना खटकलं, तर त्यात नवल नाही.

रविवर्म्याने 1894 मध्ये गिरगावात छापखाना काढला. प्लेगनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यात पोचल्या, आणि देवी मराठी पद्धतीची साडी नेसलेली असते हे सगळ्या देशाने मानून घेतलं. त्या चेहऱ्यासाठी समोर बसलेली बाई कलावंतीण असेल, तर ज्या घरांत तिला पाहुणी म्हणून कुणी बोलावलं नसतं, तिथे तिची रोज पूजा झाली. देसाईंना कादंबरी सुचावी असं नाट्य यात आहेच, त्यासाठी सुगंधा खरी असण्याचीही गरज नाही.

मूळ चित्रं पाहायची तर बडोद्याचं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या अकरा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायका एकाच चित्रात शेजारी बसलेल्या दिसतात. प्रत्येकीचा पेहराव वेगळा, वाद्य वेगळं. चित्राच्या नावात गायिका-वादिकांचा मेळा एवढंच येतं, एकीचंही नाव नाही.