दात बसला, पण चेहरा आवडला का?

शेरवानी अंगावर नीट बसली की नाही, हे शिंपी नव्हे, गिऱ्हाईक ठरवते. दात सुंदर करण्याच्या व्यवसायातही तेच आहे. डॉक्टरला काम सफाईदार वाटते, पण गिऱ्हाईक आरशापुढे हिरमुसते. मग समाधान मोजायचे कसे?

दातांच्या दिसण्याचा मनावर होणारा परिणाम मोजणारी २३ विधानांची ‘पिडॅक’ प्रश्नावली २००६ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्यासाठी ‘फेस-क्यू’ आहे. तिच्यातील एकूण चेहऱ्याविषयीच्या भागात १० प्रश्न आहेत: फोटोत, प्रखर उजेडात, सकाळी उठल्यावर चेहरा कसा वाटतो, वगैरे. प्रत्येक प्रश्नाला ‘अतिशय असमाधानी’पासून ‘अतिशय समाधानी’पर्यंत ४ उत्तरे, त्यांवरून ० ते १०० गुण.

हे गुण कामाआधी व कामानंतर, दोन्ही वेळा घ्यावेत. त्यांतील फरक हाच कामाचा खरा हिशेब. कामाआधी विचारणे तर अधिकच गरजेचे. शिवण उसवता येते, पण कॅपसाठी घासलेले दाताचे कवच पुन्हा वाढत नाही.

दवाखाना चालवणाऱ्यांना, कॅप-कवळी घडवणाऱ्या कारागिरांना आणि दात करून घेणाऱ्यांनाही आमचे सांगणे एकच: दाताचे माप घेण्याआधी मनाचे माप घ्या.