चषक एका गावाला, भाषा साऱ्या गावांची

सुगी आटोपली, की सीमाभागात संमेलनांचे दिवस सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी ही गावे आपापल्या साहित्य संमेलनांमुळे महाराष्ट्रालाही ठाऊक झाली आहेत. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, जेवणानंतर कथाकथन आणि अखेरीस कविसंमेलन, हा क्रम आता आपल्या अंगवळणी पडला आहे. यांपैकी कोणत्या सत्राला मांडव गच्च भरतो, हे संयोजकांना वेगळे सांगायला नको. परिसंवादाला पुढच्या चार रांगा भरल्या तरी समाधान मानावे लागते. पण विनोदी कथाकथन सुरू झाले की मागच्या कनातीपर्यंत माणसे उभी असतात. भाषेवरचे व्याख्यान ऐकायला न येणारा माणूस त्याच भाषेत हसायला मात्र हातातले काम टाकून येतो. भाषेच्या चळवळीत काम करणाऱ्या आपण सर्वांनी या गोष्टीचा जितका विचार करायला हवा, तितका केलेला नाही.

अलीकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवात आणि युवक मंडळांच्या कार्यक्रमांत छोट्या विनोदी प्रवेशांना मोठी मागणी आहे. मुले त्याला सरळ ‘स्किट’ म्हणतात. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ साली दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हापासून तर आठ-दहा मिनिटांचे प्रहसन हा घराघरात ओळखीचा प्रकार झाला. हे स्वागतार्हच आहे. परंतु आमच्या मुलांचे बहुतेक प्रवेश पडद्यावरच्या प्रवेशांची नक्कल असतात. त्यांत मुंबईची चाळ असते, लोकल गाडी असते, कोकणातला गाववाला असतो. आणि बोलणाऱ्या मुलाचे स्वतःचे गाव तेवढे नसते. आपल्या गावात हसण्यासारखे काही घडत नाही, अशी मुलांची समजूत झाली, तर आपल्या गावची भाषा ही बोलण्याजोगी भाषा नव्हे, ही समजूत व्हायला कितीसा वेळ लागणार?

वारसा आपल्याच दारातला

वास्तविक या प्रकाराचा वारसा आपल्याला शेजारून मागून आणावा लागत नाही. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडे रचली. भारूड करणारा एखादे सोंग घेतो, त्या सोंगाच्या तोंडून बोलतो, आणि हसता हसता ऐकणाऱ्याच्या पदरात काही टाकून जातो. नाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोन निराळ्या धर्मांचे दोघे कडाकडा भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे भारूड पुनःपुन्हा वाचावे असे आहे. तमाशातली बतावणी, दशावतारातला संकासुर, ही सारी याच घराण्यातली मंडळी.

रंगभूमीचे म्हणाल, तर विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती, हे इतिहासात नमूद आहे. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पु. ल. देशपांडे यांनी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन केले, आणि ‘गणगोत’मध्ये ज्या ‘रावसाहेबां’ना त्यांनी अजरामर केले, त्यांची कानडी वळणाची बेळगावी मराठी आज पुण्या-मुंबईचे वाचकही कौतुकाने बोलून दाखवतात. ज्या बोलीला आपण व्यासपीठावर चढताना पायताणासारखे बाहेर काढून ठेवतो, त्या बोलीचे सौंदर्य एका थोर विनोदकाराने ओळखले होते.

नुसत्या स्पर्धेने काय साधते?

प्रहसनांच्या स्पर्धा आपल्याकडे भरतात, त्याबद्दल मंडळांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु स्पर्धेच्या दिवशी काय होते ते पाहा. संघ सकाळी टेम्पोतून येतो, चिठ्ठ्या टाकून क्रमांक ठरतो, प्रवेश होतो, सायंकाळी निकाल लागतो. एका गावाला चषक मिळतो. उरलेली गावे परीक्षकांवर रुसून अंधारात घरी परततात. आपण कोठे कमी पडलो हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि विजेत्यांनी काय चांगले केले हेही त्यांना कळत नाही. कारण आपला प्रवेश होईपर्यंत रंगभूषेत आणि झाल्यावर वडापावच्या गाडीवर, अशीच दिवसाची विभागणी झालेली असते.

परदेशात अशा छोट्या विनोदी प्रवेशांचे महोत्सव भरतात. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात या शतकाच्या आरंभी सहा स्थानिक गटांनी एकत्र येऊन असाच एक महोत्सव सुरू केला. आज तो तिकडचा नावाजलेला महोत्सव आहे. प्रयोग, शिकवणीचे वर्ग, आणि कलावंतांनी एकमेकांना भेटण्याचे प्रसंग ही अशा महोत्सवांची नेहमीची अंगे असतात. आपल्या भाषेत बोलायचे तर स्पर्धा, कार्यशाळा आणि मेळावा. आपण यांतले एकच अंग उचलले आणि तेही सर्वांत खर्चाचे. जी दोन अंगे कमी खर्चाची आणि भाषेच्या दृष्टीने अधिक फळ देणारी, ती मात्र राहून गेली.

कार्यशाळेत काय शिकवावे?

कार्यशाळा म्हणजे पाहुण्यांचे दोन तासांचे भाषण नव्हे. आम्ही शिक्षक मंडळींनी मुलांबरोबर बसून जे करून पाहिले आहे, त्यावरून चार पाठ सुचवावेसे वाटतात.

पहिला पाठ ऐकण्याचा. मुलांना वही-पेन्सिल देऊन दूध डेअरीवर, गिरणीवर, बसथांब्यावर पाठवावे आणि कानावर पडलेली पाच वाक्ये जशीच्या तशी लिहून आणायला सांगावी. मुले ‘काय करूलालास?’ हे वाक्य ऐकतात आणि वहीत ‘काय करत आहेस?’ असे लिहितात. कोणी न सांगता ती दुरुस्ती करतात. तेथेच त्यांना थांबवावे. प्रमाण मराठी निबंधात हवीच. परीक्षेला तिच्यावाचून गत्यंतर नाही. पण रंगमंचावर आजीने आजीसारखेच बोलले पाहिजे. मुलाला दोन्ही मराठी याव्यात आणि कोणती कोठे वापरायची हे कळावे, यालाच आम्ही भाषेचे शिक्षण समजतो.

दुसरा पाठ प्रसंग निवडण्याचा. दहा मिनिटांत एकच प्रसंग मावतो. समजा, एका आजीच्या घरी सरकारी कागद येतो. कागद कन्नडमध्ये आहे. सून मराठी शाळेत शिकलेली, नातू इंग्रजी माध्यमात, आणि दोघांनाही तो धड वाचता येत नाही. नातू आकडे तेवढे वाचून दाखवतो. आकडे ऐकून दुकानदार म्हणतो, पेन्शन वाढली. आजी पेढे मागवते. मग येतो पुढारी. तो म्हणतो, जमीन गेली. आजी ऊर बडवू लागते. पेढे आणि रडणे एकाच वेळी सुरू आहे, गल्ली गोळा झाली आहे, मोर्चाची घोषणासुद्धा तयार झाली आहे. एवढ्यात शेजारची कन्नड भाषिक अक्का येते, चष्मा लावते आणि सांगते, ‘आजी, गेल्या आठवड्यात पाणीपट्टी भरलासा न्हवं? त्याची पावती हाय ही.’ येथे पडदा. असा प्रवेश रचायला काही मोठी प्रतिभा लागत नाही. कोणाला काय हवे आहे हे ठरवायचे, गैरसमज एकेक पायरी वाढवत न्यायचा आणि तो फुटला की लगेच थांबायचे.

आता यातून काय पोहोचते, ते पाहा. जेथे भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के वा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, हे तत्त्व आपल्या देशात केव्हाच मान्य झालेले आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे ३५० (अ) हे कलम सांगते. तेही १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीने आलेले. ही कलमे आम्ही भाषणांतून अनेकदा सांगितली. पण पावतीपायी ऊर बडवणारी आजी पाहिलेला माणूस ती जितकी लक्षात ठेवील, तितकी भाषणाने ठेवणार नाही.

तिसरा पाठ एकट्याने बोलण्याचा. यासाठी ‘दिवाकरां’कडे जावे. शंकर काशीनाथ गर्गे हे त्यांचे खरे नाव; ते व्यवसायाने शिक्षक होते. १९११ सालापासून त्यांनी नाट्यछटा लिहिल्या. नाट्यछटेत बोलणारा एकच असतो. समोरची माणसे आपल्याला दिसत नाहीत, पण त्याच्या बोलण्यातून ती उभी राहतात. म्हणूनच ती पाठ करून घडाघडा म्हणून टाकता येत नाही. समोरच्याचे न ऐकू येणारे वाक्य ऐकल्यासारखे थांबावे लागते. ज्या मुलाला हे थांबणे साधले, त्याला प्रेक्षकांचे हसू ओसरेपर्यंत थांबणेही साधते. आमची मुले हशा चालू असतानाच पुढचे वाक्य बोलून टाकतात, आणि चांगली वाक्ये वाया जातात.

चौथा पाठ मर्यादेचा. मुलाला साडी नेसवली, जाड्याला जाड्या म्हटले, तोतऱ्याची नक्कल केली, की हशा येतो. पण तो फुकटचा हशा आहे. गावात मुली असताना स्त्रीपात्रे मुलांनी का करावीत, हाही प्रश्न आहेच. आणि सीमाभागात तर एक पथ्य अधिक कसोशीने पाळायला हवे. आपला वाद व्यवस्थेशी आहे, शेजाऱ्याशी नाही. ज्या घरातून आपण विरजण आणतो, ज्यांच्या लग्नात पंगतीला वाढतो, त्या कन्नड भाषिक कुटुंबाने मांडवात आपल्या शेजारी बसून हसावे, असा प्रवेश हवा. कागद, खिडकी, शिक्का, पुढाऱ्याचे आश्वासन, आमच्या समित्यांच्या लांबलेल्या बैठका, एवढे विषय असताना शेजाऱ्याच्या भाषेची टिंगल करण्याची आपल्याला गरज काय?

गुण कसे द्यावेत?

स्पर्धा हवीच, चुरशीशिवाय तालमीला मुले जमत नाहीत. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा सुरू केली. महाविद्यालयीन मुलांच्या या स्पर्धेने मराठी रंगभूमीला किती नट, लेखक, दिग्दर्शक दिले, हे सर्वश्रुत आहे. मात्र आपल्या स्पर्धेचा हेतू ओळखून आपण गुण वाटले पाहिजेत. आमची सूचना अशी, की १०० पैकी ३० गुण संहितेला, ३० अभिनयाला, २० बोलीच्या वापराला, १० सांघिक कामाला आणि १० वेळेच्या शिस्तीला असावेत. संहिता गावातच लिहिलेली असावी. निकालानंतर परीक्षकांनी प्रत्येक संघाबरोबर पंधरा मिनिटे बसून बोलणे हा स्पर्धेचा नियमच असावा. कमरेएवढे चषक देण्याऐवजी पुस्तके आणि प्रवासखर्च द्यावा. ज्या गावाहून शेवटची बस संध्याकाळीच सुटते, त्या गावाला त्याचे मोल अधिक.

आणखी एक. अनेक मराठी शाळांचा पट घटला आहे. एका वर्गात पाच-सहा मुले असलेली शाळा संघ कोठून आणणार? अशा दोन-तीन शाळांना मिळून एक संघ उतरवण्याची मुभा द्यावी. शेजारच्या गावची मुले महिनाभर एकत्र तालीम करतील, ही गोष्ट पारितोषिकापेक्षा मोठी आहे.

मेळाव्याचे मोल

तिसरे अंग मेळाव्याचे. स्पर्धेनंतर सर्व संघांनी एकाच पंगतीत जेवावे आणि मग गोल करून बसावे. कोणत्या गावात ढोलकी वाजवणारा आहे, कोणाकडे पडदे आहेत, कोणती शिक्षिका चांगली संहिता लिहिते, कोणत्या गावच्या यात्रेत प्रवेशांना जागा मिळेल, हे एका वहीत उतरवून घ्यावे. सर्व संहितांच्या छायाप्रती काढून त्यांची एकेक जुडी प्रत्येक शाळेच्या कपाटात जावी. असे झाले तर हरलेल्या संघाचा प्रवेशही पुढच्या तीन गावांत होईल, आणि एका गावची आजी दुसऱ्या गावातल्या मुलीच्या तोंडून तिथल्या बोलीत बोलेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या सहा गटांची गोष्ट आम्हाला याचसाठी महत्त्वाची वाटते. सहा गट हा काही अवघड आकडा नाही. सहा गावे मिळाली तर मांडव एक, ध्वनिक्षेपक एक, परीक्षकांचा खर्च एक, आणि वर्गणीचा भार सहा ठिकाणी वाटलेला. पहिल्या दिवशी कार्यशाळा, दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा, दुपारी मेळावा. पुढच्या वर्षी यजमान गाव बदलावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपल्याही गावांत त्याचा आनंद झाला. पण दिल्लीने दर्जा दिला, तरी गिरणीवर, थांब्यावर आणि शाळेच्या ओट्यावर भाषा बोलायची आहे ती आपल्याच मुलांना. तेव्हा संमेलन समित्यांना आमची विनंती एवढीच, की यंदाची कार्यक्रमपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी जेवणानंतरचा एक तास गावच्या प्रहसनांसाठी राखून ठेवावा, आणि कार्यशाळेचे पत्र शेजारच्या पाच गावांना दिवाळीआधी पोहोचते करावे.