कायदा सीमेपलीकडे

परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो. पिकावर कीड पडली, की शेतकरी किंवा मजूर पाठीवर पंप बांधून फवारणी करतो. औषधाचा डबा गावातल्या दुकानातून येतो; पण तो बनवणारी कंपनी कधी कधी परदेशी असते. अनेक देशांत व्यवसाय करणाऱ्या अशा कंपनीला बहुराष्ट्रीय कंपनी म्हणतात. तिच्या मालामुळे किंवा कारखान्यामुळे कोणाचा जीव गेला, तर दाद कोठे मागायची?

हा प्रश्न भोपाळ येथे उभा राहिला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. मूळ कंपनी अमेरिकेची होती, म्हणून भारत सरकारने तेथे फिर्याद केली. १९८६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हा खटला भारतात चालवावा असे सांगितले. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ही भरपाई फार अपुरी आहे, असे पीडितांचे म्हणणे होते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. त्यांतील काही पीडित कुटुंबांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिंजेंटा या कंपनीविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा केला. कंपनीने आरोप नाकारला.

अशा वेळी कंपनीच्या मायदेशातील कायदा महत्त्वाचा ठरतो. फ्रान्सने २०१७ साली असा कायदा केला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या उपकंपन्या व माल पुरवणारे यांच्यामुळे माणसांना कोणता धोका होऊ शकतो, हे आधीच शोधावे आणि तो टाळण्याची योजना जाहीर करावी, असे त्यात म्हटले आहे. २०१३ साली बांगलादेशात राना प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. या घटनेने फ्रान्समधील मागणीला जोर आला. जर्मनीतही २०२३ पासून असा कायदा लागू झाला. स्वित्झर्लंडमध्ये २०२० साली लोकांचे मत घेतले गेले. ५०.७ टक्के मतदारांनी होकार दिला. परंतु बहुसंख्य प्रांतांनी नकार दिल्यामुळे प्रस्ताव फेटाळला गेला.

एका देशाच्या न्यायालयाने दुसऱ्या देशातील घटनेचा निवाडा का करावा, असे काही जण विचारतात. प्रश्न योग्य आहे. पण नफा सीमा ओलांडून मायदेशी जातो, तर जबाबदारी सीमेवरच का थांबावी, हा प्रश्नही तितकाच योग्य आहे.

परदेशातील कायद्यामुळे आपली जबाबदारी मात्र संपत नाही. भारतात १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे. त्यानुसार डब्यावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. डब्यावर बनवणाऱ्याचे नावही असते. घरात कोणी फवारणीला निघाले, तर ही माहिती त्यांना वाचून दाखवा. तोंडाला मास्क व हातात मोजे आहेत का, तेही पाहा. कायदा, हक्क, फिर्याद हे शब्द उर्दूत आणि मराठीत सारखेच आहेत. त्यांचा उपयोगही सर्वांना सारखाच व्हायला हवा.