पलटण का सोडतात?

मुदत भरल्यावरही जो जवान पलटणीत राहतो तो देशभक्त, आणि जो घरी येतो त्याचे देशप्रेम आटले, असा एक भाबडा समज आपल्यात रूढ आहे. ज्या घरांतून कोणी सैन्यात गेलेले नाही तेथे तो अधिक आढळतो, आणि गोमंतकात अशी घरे पुष्कळ आहेत. १९६१ पर्यंत येथे परकी सत्ता होती. शेजारच्या सावंतवाडी-रत्नागिरीचा तरुण ज्या वाटेने बेळगावच्या मराठा पलटणीत जात असे, ती वाट आमच्यासाठी सरहद्दीपाशी अडत होती. आमचा तरुण मुंबईला गेला, बोटीवर चढला. त्यामुळे शिपायाच्या घरातला हिशेब आम्हांस फारसा ठाऊक नाही.

तो हिशेब पंधराव्या वर्षी मांडला जातो. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई तेव्हा चौतिशीत असतो आणि निवृत्तिवेतनाचा हक्क त्याच्या पदरी पडलेला असतो. आईवडील थकलेले, मुलीची शाळा तिसऱ्यांदा बदललेली, भावकीत जमिनीची वाटणी अडलेली. वर्षाची साठ दिवस वार्षिक व तीस दिवस किरकोळ रजा कागदावर भरघोस दिसते. पण चतुर्थीला सगळ्याच कोकणी जवानांना एकदम घरी कोण सोडणार? हवालदारीची फीत मिळाली तर गोष्ट निराळी. हुद्दा वाढला की निवृत्तिवेतनही वाढते, म्हणून माणूस आणखी काही वर्षे काढतो. फीत हुकली की पेटी बांधतो. हा निर्णय छावणीत होतो असे कोणी मानू नये. तो बहुधा घरच्या माजघरात होतो.

मग राहणारा केवळ पैशांसाठी राहतो काय? तसेही नव्हे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. तुकडीतील सारे सहकारी ठार वा जखमी झाल्यावर ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सैन्य परक्या राजाचे होते. आम्ही स्वातंत्र्याचे कितीही अभिमानी असलो, तरी त्या क्षणी त्यांच्या मनात स्वतंत्र भारत होता असे म्हणणार नाही. पलटणीची अब्रू आणि बाजूला पडलेले सोबती, या गोष्टी माणसाला रोखून धरतात. वर्षानुवर्षे एका ताटात जेवल्याखेरीज हे नाते जुळत नाही.

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेबद्दल आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. मुदत चार वर्षांची. शेवटी सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी, त्यातील निम्मा भाग जवानाच्याच पगारातून कापलेला, निवृत्तिवेतन नाही, आणि कायम होणार ते फार तर शेकडा पंचवीस. सैन्याचे सरासरी वय बत्तिसावरून सव्वीसवर आणण्याचा सरकारचा हेतू आहे. तो अयोग्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. उंच डोंगरावरील लढाईला तरुण फुप्फुसेच लागतात. परंतु जो प्रश्न पूर्वी पंधराव्या वर्षी जवान स्वतःला विचारी, तो आता चौथ्या वर्षी सरकार विचारणार, आणि उत्तरही सरकारच देणार. एका खंदकातल्या चौघांना ठाऊक असेल की आपल्यातला फार तर एक राहणार आहे. ते एकमेकांकडे सोबती म्हणून पाहतील की उमेदवार म्हणून?

२०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. गावी परतणारा तो मुलगा बावीस-तेविसांचा असेल. बोटीवरचा तारवटी करार संपवून येतो तेव्हा पुढच्या कराराची त्याला आशा असते. याला तीही नाही. केंद्राने निमलष्करी दलांत राखीव जागांची घोषणा केली आहे. राज्य सरकारांनी पोलीस, अग्निशमन, वन व बंदर खात्यांत अशा किती जागा ठेवल्या आहेत, त्यांचा खातेनिहाय आकडा त्यांनी जाहीर करावा, आणि तो जवान घरी पोहोचण्यापूर्वी करावा.