गोड ज्वारी : ताटातलं इंधन

मागच्या सेमिस्टरला मी सेमिनारसाठी मिस्कँथस हा विषय घेतला होता. मिस्कँथस म्हणजे दहा-बारा फूट वाढणारं एक गवत. मूळचं पूर्व आशियातलं. १९३५ साली ते जपानहून डेन्मार्कला गेलं, तेही बागेत शोभेसाठी! आता इंग्लंडमध्ये ते शेतात लावतात, वाळल्यावर कापतात आणि बॉयलरमध्ये जाळून वीज करतात. गंमत म्हणजे शेतात लावतात तो प्रकार दोन जातींचा संकर आहे आणि चक्क वांझ आहे. त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने जोड्या जुळत नाहीत आणि बी धरत नाही. मग जमिनीतले गड्डे खणून, तुकडे करून लावायचे. हे खर्चिक काम, म्हणून बियाण्यापासून येणारं मिस्कँथस तयार करायच्या मागे तिकडचे शास्त्रज्ञ लागले आहेत.

स्लाइड्स छान झाल्या. शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला, "सगळं ठीक आहे, पण हे सोलापुरात कुठे उगवतं?" मी गप्प!

सुट्टीत गावी गेले तेव्हा हे आजोबांना सांगितलं. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं, काळ्या मातीचं. आजोबा म्हणाले, "अगं पोरी, गवतच पाहिजे तर ज्वारी काय झाड आहे व्हय?" खरंच की! ज्वारी, ऊस, मका, मिस्कँथस ही सगळी एकाच गवतकुळातली. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ज्वारीच्या धांड्यालाही 'ताट' म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. तोवर ताट म्हणजे मेसमधलं स्टीलचंच. लहानपणी शेतातली गोड ताटं उसासारखी सोलून खाल्ल्याचं आजोबांनी सांगितलं. ज्याचा रस उसासारखा गोड, त्याचा अल्कोहोल उसासारखाच होणार. म्हणजे माझा सेमिनार घरच्या शेतात उभा होता.

आणि हे काम आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला होऊन गेलेलं आहे! बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. १९७० च्या दशकात या संस्थेने गोड ज्वारीवर काम सुरू केलं. अमेरिकेतले गोड वाण आणि आपल्याकडचे दाण्याचे वाण एकत्र आणून 'मधुरा' ही ज्वारी तयार केली. वर कणसात दाणा, खाली ताटात रस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा एसएसव्ही ८४ हा गोड वाण १९९२ मध्ये आला आणि २००५ मध्ये सीएसएच २२ एसएस हा संकरित वाण.

आता ब्रीडिंगचं थोडं सांगते, कारण मला सगळ्यात इंटरेस्टिंग तेच वाटलं. ताट रसाळ आहे की आतून भेंडासारखं कोरडं, हे मुख्यतः एका जनुकावर ठरतं. कोरडेपणा प्रभावी, रसाळपणा अप्रभावी. म्हणजे आई रसाळ आणि बाप शुद्ध कोरडा असेल तर पहिल्या पिढीतली सगळी पोरं कोरडी! संकरित बियाणं रसाळ हवं तर दोन्ही पालक रसाळ लागतात. ओळखायला ताट मोडायची गरज नाही, पानाची मधली शीर बघायची. शीर पांढरीशुभ्र असेल तर ताट कोरडं, मळकट हिरवी असेल तर रसाळ. शास्त्रज्ञ ही शीर कित्येक वर्षं बघत होते, पण नेमका जनुक सापडला २०१८ मध्ये. गोडी मात्र एका जनुकाची नाही, ती वेगळी मोजावी लागते. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर, आपण फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये शिकलेला अपवर्तनांक! रसाचा थेंब काचेवर टाकायचा आणि आकडा वाचायचा. त्याला ब्रिक्स म्हणतात. चांगल्या गोड ज्वारीत तो १६ ते १८ च्या आसपास मिळतो.

उसाशी तुलना केल्याशिवाय सोलापूरकर ऐकणार नाही, म्हणून वहीत गणित मांडलं (आकडे ढोबळ आहेत). गोड ज्वारीची ताटं एकरी १५ टन धरली आणि टनाला ४० लिटर इथेनॉल, तर एकरी ६०० लिटर. ऊस एकरी ४० टन धरला आणि रसापासून टनाला ७० लिटर, तर २८०० लिटर. ऊस जिंकला? थांबा. ऊस शेतात किमान वर्षभर असतो, ज्वारी चार महिन्यांत मोकळी. उसाला २००० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, ज्वारीला ४०० ते ४५०. म्हणजे साधारण पाच-सहापट पाणी देऊन इथेनॉल साडेचारपट. पाण्याच्या हिशोबात ज्वारी थोडीशीच पुढे आहे, फार नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण ज्वारीचा दाणा वर मिळतो तो वेगळा. आणि सोलापूरचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, मग बाकीचं पाणी उजनीतून आणि बोअरमधूनच ना? डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यावर सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंधन घालावं लागलं होतं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठलं.

मग सगळे गोड ज्वारी का लावत नाहीत? एक कारण कारखान्याचं. ताट कापलं की रस लगेच आंबायला लागतो, एका दिवसात गाळायला हवं. जूनमध्ये पेरलेली ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार होते, तेव्हा साखर कारखाने बंदच असतात. हे एका परीने चांगलं, रिकामे रोलर महिनाभर आधी फिरतील. पण महिनाभराच्या मालासाठी तोडणीच्या टोळ्या कोण आणणार?

दुसरं कारण खास आपलं. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. आपण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतो आणि ज्वारी काळ्या मातीतल्या ओलीवर वाढते. आपली प्रसिद्ध मालदांडी ३५-१ ही १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली, ती याच हवामानाची. गोड वाणांना खरिपातले मोठे दिवस आणि उबदार रात्री लागतात. थंडीत ताट बारीक राहतं आणि रस घटतो. शिवाय रब्बीत खोडमाशी आणि खडखड्या आहेतच. आपल्या सोलापुरातच रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आहे. थंडीतही रस धरणारी ज्वारी हवी असेल तर त्यासाठी याहून योग्य जागा मला तरी दिसत नाही.

फलटणच्या संस्थेची एक गोष्ट मेकॅनिकलवाल्यांसाठी. त्यांनी सौर उष्णतेवर इथेनॉलचं ऊर्ध्वपातन करून दाखवलं. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्के शुद्ध इथेनॉल लागतं आणि शेवटचं पाणी काढायलाच वेगळी यंत्रणा उभारावी लागते. तिथे डॉ. अनिल राजवंशी यांच्या टीमने उलटा विचार केला आणि साधारण निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह बनवला. अडचण तंत्राची कमी आणि अबकारी कायद्याची जास्त! (हॉस्टेलवर असा स्टोव्ह आला तर रेक्टर सर रोज रात्री बाटली मोजतील, हे वेगळं सांगायला नको.)

हे सगळं मी आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रस तुझ्या गाडीला, दाणा आपल्याला. मग म्हशीनं काय खायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागात चारा छावण्या होत्या, लोक जनावरांसोबत तिथेच राहत होते. आमच्याकडे काही वर्षी ज्वारीपेक्षा कडब्याचाच आधार जास्त असतो. मी सांगितलं, की रस काढल्यावर उरलेलं चिपाड आणि पाला जनावरं खातात, कुट्टी करून मुरघास करता येतो. पण साखर निघून गेलेली असते, आणि चिपाड कारखान्याच्या दारात पडतं, गोठ्यात नाही. कारखान्याने ते बॉयलरमध्ये घातलं तर संपलंच! रस गावातच, छोट्या चरकावर काढला तर चारा गावात राहील, असं मी म्हटलं. आजोबा म्हणाले, "चरक फिरवायला डिझेल किती लागतंय, ते आधी काढ."

ते गणित अजून बाकी आहे. आमच्या बॅचमधला कोणी गावी रसवंती चालवत असेल तर इंजिन तासाला किती पितं, ते जरा विचारून सांगा.