सिगारेट सुटली, चहा मात्र तेवढाच

मुंबईत साकीनाक्याला मेट्रोचा जिना उतरून खैरानी रोडकडे वळलं की चहावाला आणि पानवाला हातभर अंतरावर भेटतात. कारखान्यांची पाळी सुटली की एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात सिगारेट. ती सोडायचं ठरवलेला माणूस हात रिकामा राहू नये म्हणून आणखी एक कटिंग सांगतो, आणि तिथेच त्याचा घात होतो.

चहा-कॉफीतलं कॅफीन यकृतात मोडलं जातं. त्यातलं ९५ टक्क्यांच्या आसपास काम सीवायपी१ए२ हे एकच विकर करतं. तंबाखू जळताना धुरात जी बहुचक्रीय हायड्रोकार्बनं तयार होतात, त्यांच्यामुळे यकृत हे विकर जास्त बनवतं. न ओढणाऱ्याच्या रक्तातलं निम्मं कॅफीन संपायला साधारण पाच तास लागतात, ओढणाऱ्याला तीन-साडेतीन. दिवसभर चहा ढोसूनही बिडीवाला रात्री ढाराढूर झोपतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

धूर थांबला की हे जादा विकर झपाट्याने उतरतं. दीड-दोन दिवसांत त्याची वाढीव ताकद निम्म्यावर येते. चहा तेवढाच राहिला तरी रक्तातलं कॅफीन चढत जातं. नील बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं की सिगारेट सोडलेल्यांच्या रक्तात कॅफीनचं प्रमाण दुपटीच्या पुढे जातं आणि काही महिने तसंच राहतं.

मग चिडचिड होते, झोप उडते, जीव था‍ऱ्यावर राहत नाही. निकोटिन सुटल्यावरचा त्रासही नेमका असाच, त्यामुळे त्यातला चहाचा वाटा कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘आपल्याच्यानं होणार नाही,’ म्हणत माणूस पुन्हा पेटवतो. जिद्दीने सोडणारा माणूस चार जादा कपांपायी हरावा, याची मला फार हळहळ वाटते.

कॅफीन चढण्यात निकोटिनचा हात नाही, करामत धुराची. म्हणून निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी वापरली तरी चहाचा हिशेब बदलतोच. मिश्री, खैनी सोडणाऱ्यांना मात्र ही भानगड नाही, आणि महाराष्ट्रात तेच जास्त: २०१६-१७च्या पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के.

क्लोझापिन, ओलान्झापिन, थिओफिलिन ही औषधंही बऱ्याच अंशी याच विकराकडून मोडली जातात. ती चालू असतील तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगाच. डोस बदलावा लागू शकतो.

बाकीच्यांनी पहिल्या आठवड्यातच चहा निम्म्यावर आणावा. एकदम तोडू नका, डोकं दुखेल. संध्याकाळनंतरचा कप आधी कमी करा. तरीही तलफ आवरली नाही, तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. फोन फुकट लागतो, जरूर करा.