आयोजकच नाही, तरी हजारोंची गर्दी! चीजच्या मागे धावण्याची ही शर्यत नेमकी काय आहे?

टेकडीच्या माथ्यावरून चीजचं गोल चाक सोडायचं आणि त्याच्या मागे स्वतःला झोकून द्यायचं. सगळ्यात आधी खाली पोहोचेल, चीज त्याचं! इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरजवळच्या ब्रॉकवर्थ गावात, कूपर्स हिल टेकडीवर साधारण मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ही शर्यत रंगते. तिची लेखी नोंद १८२६ सालची आहे. महायुद्धानंतर रेशनिंग होतं, तेव्हाही गावाने लाकडी चाकात चीजचा तुकडा घालून ती चालू ठेवली.

चीज हाती का लागत नाही?

उतार सुमारे १८० मीटर लांब आणि दर दोन मीटरला एक मीटर खाली जाणारा. इंजिनिअरिंगची जुनी सवय म्हणून गणित मांडलं. घर्षणात ऊर्जा वाया जात नाही असं धरलं तर घरंगळत तळाशी पोहोचणाऱ्या चाकाचा वेग ताशी ११५ किमीच्या आसपास येतो. शर्यतीबद्दल सांगितला जाणारा वेगही ताशी ११२ किमी आहे. माणूस मात्र चार पावलांत तोल गमावतो आणि कोलांट्या घेत खाली येतो. तळाशी रग्बी खेळाडू त्याला अडवायला उभे असतात.

तरीही गावच्याच क्रिस अँडरसनने ही शर्यत तब्बल २३ वेळा जिंकली. गंमत म्हणजे बक्षिसातलं 'डबल ग्लॉस्टर' चीज त्याला फारसं आवडत नाही! २०२३ मध्ये कॅनडाची डिलेनी अर्व्हिंग बेशुद्धावस्थेतच पहिली आली. आपण जिंकलो, हे तिला उपचारांच्या तंबूत कळलं. २०२४ आणि २०२५ मध्ये जर्मनीच्या टॉम कोप्कने बाजी मारली.

मग जबाबदार कोण?

खरा पेच इथेच आहे. २००९ मध्ये सुमारे १५ हजार लोक जमले, जागा त्याच्या एक तृतीयांश लोकांपुरतीच. २०१० मध्ये अधिकृत शर्यत रद्द झाली. तेव्हापासून गावकरीच ती भरवतात, कागदोपत्री आयोजक कुणीच नाही. मोठा अपघात झाला तर मदत पोहोचणार कशी, ही प्रशासनाची चिंता २०२५ मध्येही कायम होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही.

२०१३ मध्ये तर पोलिसांनी चीज बनवणाऱ्या ८६ वर्षांच्या आजींनाच गाठलं. कुणी जखमी झालं तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, असं त्यांना बजावलं. त्या वर्षी गावाने फोमचं हलकं चाक सोडलं. शर्यत झालीच.